वजनानं कयाकचा स्पीड खरंच किती कमी होतो? किलो, सेंटीमीटर अन् सेकंदांचा हिशोब

कयाकिंगचा, म्हणजे एका-दोघांची छोटी नाव पॅडलनं चालवण्याचा विषय निघाला की आपल्याकडं पहिला प्रश्न असतो पोहता येतं का, आणि दुसरा जरा लाजत येतो, माझं वजन नव्वदच्या पुढं आहे, मी सगळ्यांच्या मागंच राहणार ना? तर उत्तर आधीच देऊन टाकतो. बऱ्यापैकी लांब कयाक असेल, पाणी शांत असेल आणि तुम्ही रमतगमत तासाला सहा किलोमीटरनं चालला असाल, तर १० किलो जास्त असल्यानं तासाभरात साधारण १०० मीटरचा फरक पडतो. बस्स. पण तेच १० किलो चुकीच्या जागी ठेवले, किंवा नावेच्या ऐपतीच्या वर गेले, तर नाव रडायला लागते आणि मग लोक वजनाला शिव्या देतात. खरा घोळ किलोचा नसतो, ते किलो कुठं ठेवलेत आणि कोणत्या नावेत ठेवलेत याचा असतो. हे कसं ते आता सावकाश बघू, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या नावेवर मोजायचं कसं ते पण.

आधी एकूण वजन काढा, अंदाजपंचे नको

लोक फक्त स्वतःचं वजन धरतात. पाण्याला त्याच्याशी घेणंदेणं नाही, पाणी सगळ्याचा मिळून भार उचलतं. म्हणजे नाव, माणूस, लाइफ जॅकेट, पॅडल, पिण्याचं पाणी, डबा, ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी), ओले कपडे, आणि नावेच्या तळाशी साचलेलं पाणी सुद्धा. आपल्याकडं तर पिण्याचं पाणीच माणशी तीन-चार लिटर घ्यावं लागतं, फेब्रुवारी सरला की त्याहून कमीत भागत नाही, आणि तिथंच चार किलो झाले.

नावेचं वजन कंपनीच्या कागदावर असतंय पण सीट, हॅच (सामानाच्या कप्प्याचं झाकण), रडर (शेपटाचं सुकाणू) धरून ते बऱ्याचदा वेगळं निघतं. सरळ मोंढ्यात ओळखीच्या आडत्याकडं जा, धान्याच्या काट्यावर नाव आडवी ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे (चार लोक जमतील, हे काय आहे विचारतील, त्याची तयारी ठेवा). ते नको असेल तर घरचा वजनकाटा नावेच्या एका टोकाखाली ठेवा, दुसऱ्या टोकाखाली तेवढ्याच उंचीची वीट, आकडा लिहा, मग काटा आणि विटेची अदलाबदल करा. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे नावेचं वजन. फक्त नाव टेकली पाहिजे ती दोन्ही वेळेस त्याच दोन ठिकाणी.

पुढच्या हिशोबाला एक उदाहरण धरून चालू: माणूस ८२ किलो, प्लास्टिकची नाव २४ किलो, बाकी सामान १२ किलो. एकूण ११८.

११८ किलो म्हणजे नाव किती बुडते

इथं आर्किमिडीज. ११८ किलोची नाव ११८ लिटर पाणी बाजूला सारते, ना कमी ना जास्त. मग १० किलो वाढवले की अजून १० लिटर पाणी सारायला नाव थोडी खाली बसते. किती खाली? त्यासाठी पाण्याच्या रेषेवर नावेचा जो आकार दिसतो त्याचं क्षेत्रफळ लागतं. कयाक दोन्हीकडं निमुळती असते म्हणून लांबी गुणिले रुंदी करून त्याचे ६५ टक्के धरा. ४ मीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद नाव असेल तर ४ × ०.६ × ०.६५ म्हणजे दीड चौरस मीटरच्या थोडं वर, म्हणजे एक सेंटीमीटर बुडायला साडेपंधरा किलो लागतात. म्हणजे तुमचे ते १० किलो नावेला साडेसहा मिलीमीटर खाली नेतात. करंगळीच्या नखाएवढं पण नाही.

बुटक्या रुंद सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वर उघड्यावर बसायच्या नावांचा आकार जास्त भरलेला असतो, तिथं एका सेंटीमीटरला साडेसतरा-अठरा किलो पण लागतात. म्हणजे ती अजून कमी बुडते, पण म्हणून ती फास्ट आहे असं समजू नका, ती आधीपासूनच रुंदीमुळं मार खाते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर इलेक्ट्रिकची रंगीत चिकटपट्टी घ्या. नावेच्या नाकाजवळ, मध्ये आणि शेपटाजवळ, तिन्हीकडं एक-एक सेंटीमीटर अंतरानं बारीक पट्ट्या आडव्या चिकटवा, शिडीसारख्या. चिकटवायच्या आधी जागा कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर पाण्यात गेल्या गेल्या निघून येतात. मग बंधाऱ्याच्या आडोशाला, जिथं लाट नाही तिथं नाव उतरवा, तुम्ही नेहमीसारखे बसा, हात मांडीवर, आणि काठावरच्या माणसाला मोबाईलवर तिन्ही ठिकाणचे फोटो पाण्याच्या पातळीवर वाकून काढायला सांगा. वरून काढलेला फोटो फसवतो. हे फोटो जपून ठेवा, पुढं तोलाचा विषय येतोय तिथं हेच कामाला येतात.

मग स्पीड का कमी होतो

पाणी नावेला दोन तऱ्हेनं अडवतं. एक म्हणजे घासण, नावेचा जेवढा भाग ओला तेवढी घासण. दुसरं म्हणजे लाट, नाव पुढं जाताना नाकापाशी पाणी उचलते आणि ती लाट तयार करायला तुमचीच ताकद जाते. निवांत स्पीडला, म्हणजे ताशी पाच-सहा किलोमीटरला, बहुतेक ताकद घासणीत जाते. लाटेचा हिस्सा स्पीड वाढेल तसा वाढतो आणि एका टप्प्यानंतर अक्षरशः अंगावर येतो.

१० किलोनं नाव साडेसहा मिलीमीटर बसली की ओला भाग साधारण ३ ते ५ टक्के वाढतो, नावेच्या आकारावर आहे. आता गंमत बघा. पाण्याची अडवणूक स्पीडच्या वर्गानं वाढते आणि त्यासाठी लागणारी ताकद घनानं वाढते. उलटं वाचलं तर ताकद तेवढीच ठेवून अडवणूक ५ टक्के वाढली तर स्पीड त्याच्या एक तृतीयांशच कमी होतो, म्हणजे दीड-पावणेदोन टक्के. ३ टक्के असेल तर एकच टक्का. सहाच्या स्पीडला हे ६० ते १०० मीटर तासाला झाले. १० किलोमीटरच्या फेरीला तुम्हाला १०० मिनिटं लागत असतील तर आता १०१ किंवा १०२ लागतील. फोटो काढायला थांबलात की त्याहून जास्त जातात.

याच गणितामुळं दुसरी गोष्ट पण कळते, ती म्हणजे स्पीड १० टक्के वाढवायला ताकद ३३ टक्के जास्त लागते. म्हणून वजन उतरवून फास्ट होऊ असं ज्यांना वाटतंय त्यांनी वजन तब्येतीसाठी जरूर उतरवा, कयाकसाठी नाही.

लाटेचा टप्पा कुठं येतो याचा ठोकताळा आहे: पाण्यातली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, साडेचारनं गुणा, ताशी किलोमीटर मिळतील. ९ फुटी नावेला साडेसात, साडेबारा फुटीला पावणेनऊ, १६ फुटीला दहाच्या जवळ. या आकड्याच्या जवळ गेलात की वजन खरंच बोचायला लागतं, कारण जड नाव मोठी लाट उचलते आणि तुम्ही त्या लाटेच्या चढाला नाक लावून बसता. म्हणून ९ फुटी भाड्याच्या नावेत ९५ किलोचा माणूस जीव तोडून पॅडल मारतोय आणि नाव फक्त फेस करायलीय, हे दृश्य दिसतं. तिथं वजनापेक्षा लांबीनं घात केलेला असतो.

हा आकडा म्हणजे भिंत नाही पण. रेसमधली के-वन, म्हणजे एकट्यानं मारायची नाव जास्तीत जास्त ५.२० मीटर लांब असते, कमीत कमी १२ किलो वजनाची, तिचा हिशोब साधारण सव्वादहा येतो. पण टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ ला हंगेरीच्या बालिंट कोपासनं १००० मीटर ३ मिनिटं २० सेकंदांत मारले, म्हणजे ताशी १८ च्या आसपास. नाव इतकी अरुंद असते की ती लाट फार उचलतच नाही. आणि असल्या रेसमधली माणसं बघा, काटकुळी नसतात. चांगली उंचपुरी, खांद्यानं भरलेली असतात. घाट चढणाऱ्या सायकलवाल्याला प्रत्येक किलो वर ओढावा लागतो, कयाकमध्ये किलोचा भार पाणी घेतं, त्यामुळं ताकद देणारं वजन अंगावर असेल तर ते फायद्यातच जातं.

वजन कुठं कुठं खरंच नडतं

सुरुवातीला नडतं. उभ्या नावेला पळती करायला वजनाच्या प्रमाणात ताकद लागते, ११८ चे १२८ झाले की पहिल्या चार-पाच पॅडलला ८ टक्के जास्त जोर. रेसला हे महत्त्वाचं, सहलीला काहीच नाही. सारखं थांबून-निघून मासे धरणाऱ्याला मात्र दिवसभरात जाणवतं. उलट एकदा पळायला लागली की जड नाव दोन पॅडलांच्या मध्ये कमी मंदावते, समोरून बारीक लाट येत असेल तर हलक्या नावेसारखी अडखळत नाही.

उथळ पाण्यात नडतं, आणि आपल्या धरणांचे काठ म्हणजे उथळच. नाथसागराचं, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या तलावाचं घ्या, पूर्ण भरला की साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर आणि पसारा साधारण ३५० चौरस किलोमीटर, भागून बघा, सरासरी खोली आठ-साडेआठ मीटर येते. ती पण सरासरी, काठाकडं मैलभर मांडीएवढं पाणी असू शकतं. उथळ पाण्यात लाट एका ठराविक वेगापेक्षा पुढं पळूच शकत नाही, आणि नाव त्या वेगाच्या जवळ गेली की मागून कुणी धरल्यासारखी होते. गुडघाभर म्हणजे अर्ध्या मीटरच्या पाण्यात तो वेग ताशी ८ किलोमीटर आहे, पण ओढ साडेपाचपासूनच जाणवायला लागते. जड नाव जास्त बुडालेली, म्हणजे तळ आणि जमीन यातलं अंतर अजून कमी. त्यामुळं काठाकाठानं जाऊन आज अंगात दमच नाही असं वाटत असेल तर आधी पॅडल उभं धरून खाली टेकतंय का बघा. टेकलं तर आत सरका, दोन मीटर खोलीला पोचलात की फरक लगेच कळतो.

जाळ्यांना नडतं. नाव जितकी खाली तितकं मासेमारांच्या जाळ्यात रडर किंवा स्केग (तळाखालची पाती) अडकायची शक्यता जास्त, आणि ते जाळं कुणाच्या तरी पोटाचं आहे, तोडायचं नाही, मागं येऊन सोडवायचं. शेतकऱ्यांच्या तरंगत्या मोटारी आणि त्यांच्या केबली दिसल्या तर वजन-बिजन विसरा, लांबून वळसा घाला.

आणि सगळ्यात जास्त नडतं ते पाण्याबाहेर. जानेवारीनंतर पाणी उतरायला लागतं, मागं काळ्या मातीचा चिखल राहतो, थोड्या दिवसांत तिथं गाळपेर पण होतं, आणि गाडी उभी आहे तिथून पाणी कुठल्या कुठं. त्या चिखलातून २४ किलोची नाव आणि १५ किलोचं सामान नेताना जे होतं ते कुठल्या स्पीडच्या गणितात बसत नाही. पैठणच्या खाली गोदावरीत लांबची फेरी करायची म्हटली की आपेगाव, हिरडपुरी असे बंधारे लागतात, प्रत्येक ठिकाणी नाव उचलून पलीकडं न्यायची. तिथं ६ किलो हलकी नाव असेल तर दुवा द्याल. हलक्या नावेचे जादा पैसे खरे वसूल होतात ते इथं आणि गाडीच्या टपावर चढवताना. पाण्यावर त्या ६ किलोनं स्पीड एक टक्का वाढेल न वाढेल.

तोल: इथं खरा स्पीड जातो

बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, भार मागं गेला की गाडी उलाळ होते, पुढं गेला की जुवावर येतो आणि बैल दबतात. नावेचं तसंच आहे.

मागं जास्त भार असेल तर शेपूट बुडतं, नाक वर येतं, पाण्यातली लांबी कमी होते आणि शेपटामागं पाणी घुसळत राहतं. लांबी कमी म्हणजे वर सांगितलेला लाटेचा टप्पा पण अलीकडं आला. शिवाय वारा आडवा लागला की उचललेलं नाक वाऱ्याबरोबर वाहवत जातं. पुढं जास्त भार असेल तर नाक पाण्यात रुततं, शेपूट मोकळं होतं आणि वारा शेपटाला ढकलतो, म्हणजे नाव सारखी वाऱ्याकडं तोंड करते. मग तुम्ही एकाच बाजूनं पॅडल मारत बसता, किंवा दर चौथ्या पॅडलला दिशा सुधारता. ही दिशा सुधारण्यात जाणारी ताकद १० किलोच्या घासणीपेक्षा कितीतरी जास्त असते, फक्त ती मोजत कुणी नाही.

मग करायचं काय. चिकटपट्टीचे फोटो काढा, एकदा फक्त तुम्ही बसलेले आणि एकदा सगळं सामान भरून. सामान भरल्यावर नाक आणि शेपूट सारखंच खाली गेलं पाहिजे, किंवा शेपूट एखाद-दोन सेंटीमीटर जास्त. त्याहून जास्त झालं तर सामान हलवा, कमी करायच्या आधी हलवा. जड वस्तू म्हणजे पाण्याचा कॅन, डबा, स्टोव्ह हे सीटला खेटून, तळाशी. झोपायची पिशवी, कपडे असलं हलकं टोकाला. कारण १० लिटरचा कॅन सीटच्या मागं ४० सेंटीमीटरवर ठेवला तर शेपटाला जेवढं दाबतो त्याच्या चौपट दाबतो तोच कॅन १ मीटर ७० वर नेऊन ठेवला तर. वजन तेच.

आडव्या वाऱ्यात नाव वाऱ्याकडं तोंड करायली असेल तर एक-दोन किलो मागं सरकवा, वाऱ्याबरोबर पळायली असेल तर पुढं. एवढ्यानं भागतं बऱ्याचदा. कॅन भरलेलाच ठेवा किंवा पूर्ण रिकामा, अर्धा भरलेला कॅन प्रत्येक पॅडलला आत डुचमळतो. आणि सगळं बांधा, सुटं सामान वळताना एका बाजूला जातं.

डबल सीटच्या नावेत तर नवरा-बायको किंवा बाप-लेक बसले की हा प्रश्न हमखास येतो. जड माणूस मागं, हे बरोबर, पण फरक जास्त असेल तर तेवढ्यानं होत नाही. समजा मागं ९२ किलोचे काका आणि पुढं ५५ किलोच्या काकू, दोन्ही सीट मध्यापासून ६०-६० सेंटीमीटरवर. फरक ३७ किलोचा, गुणिले ०.६, म्हणजे २२ च्या आसपास. आता सामानाचे १५ किलो मध्यापासून दीड मीटर पुढं नाकाकडं बांधले तर १५ × १.५ म्हणजे साडेबावीस. झाला तोल. म्हणजे इथं १५ किलो वाढवून नाव नीट चालायला लागली, हे पटत नाही लोकांना, पण करून बघा. आणि काकू पुढं बसून जो पॅडलचा ठेका धरतील तोच काकांनी धरायचा, मागच्यानं पुढच्याकडं बघून मारायचं, उलटं होत नाही. पॅडलवर पॅडल आपटून जो स्पीड जातो त्याला वजनाचा काही संबंध नाही, त्याला दुसरी कारणं असतात घरातली.

नावेची ऐपत

नावेवर १२५ किलो क्षमता लिहिलेली असते. ती बुडणार नाही एवढ्याची असते, नीट चालेल याची नसते. नीट चालायला त्याच्या ६५-७० टक्के धरा, म्हणजे माणूस आणि सामान मिळून ८०-८८ किलो. आपल्या उदाहरणातला माणूस ८२ आणि सामान १२, झाले ९४. म्हणजे ही नाव त्याला थोडी कमी पडते, दीडशेच्या वरची बघितली पाहिजे. विकत घेताना आणि भाड्यानं घेताना पण हा प्रश्न आधी विचारा, रंग नंतर.

सिट-ऑन-टॉपमध्ये ऐपत ओलांडली की लगेच कळतं. तळाला जी आरपार भोकं असतात पाणी निघून जायला, त्यातूनच पाणी वर यायला लागतं आणि तुम्ही डबक्यात बसता. मग कुणीतरी सांगतं भोकांना बूच मार. बूच मारलं की वरून आलेलं पाणी जायला जागा नाही, आणि ते मोकळं हिंदकळणारं पाच लिटर पाणी बांधलेल्या पाच किलोपेक्षा फार वाईट, ज्या बाजूला नाव कलते त्याच बाजूला ते पळतं. नाव बदला, बूच नाही. बंद कयाकमध्ये स्पंज ठेवा आणि अधूनमधून पाणी काढत जा, सगळ्यात स्वस्त स्पीड तो.

उलट बाजूनं, पन्नास किलोच्या पोरीला दीडशे किलो क्षमतेची रुंद नाव दिली तर ती पण त्रासात पडते. नाव पाण्यावर उंच राहते, दुपारचा वारा तिला पतंगासारखा उडवतो, आणि रुंदीमुळं हात पाण्यापर्यंत नीट पोचत नाहीत. तिला अरुंद नाव द्या. ती नसेलच तर पाण्याचे भरलेले कॅन, दोन-तीन, सीटच्या पुढं-मागं तळाला बांधा. वजन वाढवून स्पीड वाढलेला दिसेल.

आता मोजा

आधी परवानगीचं. बहुतेक मोठे तलाव पाटबंधाऱ्याचे असतात, नाथसागर पक्षी अभयारण्य पण आहे, तिथं वनखात्याचं पण ऐकावं लागतं, त्यामुळं विचारून जा. लाइफ जॅकेट अंगात, गाडीत नाही. पावसाळ्यात दरवाजे उघडे असताना नदीत उतरायचंच नाही, कितीही भारी पॅडलर असा.

दिवस निवडा ऑक्टोबर ते फेब्रुवारीतला, सकाळी उजाडताना, काठाच्या बाभळीचं पान हलत नसेल असा. दोन मीटरच्या वर खोली असलेल्या ठिकाणी एका रेषेत ५०० मीटरच्या दोन खुणा ठरवा, एकीकडं विहिरीचं बांधकाम आणि दुसरीकडं एखादं झाड, काहीही, पण हलणारं नको. अंतर मोबाईलच्या जीपीएसवर एकदाच मोजून घ्या, मग प्रत्येक वेळेस घड्याळच बघायचं. प्रत्येक फेरीला जीपीएसच्या स्पीडवर विसंबू नका, त्याची चूक तुमच्या फरकाएवढीच असू शकते.

सामान म्हणून पाण्याचे भरलेले कॅन घ्या. दगड नाही, वाळूची पोती नाही. नाव उलटली तर पाण्याचा कॅन पाण्यात जवळपास वजनहीन होतो, नावेला खाली ओढत नाही. दगड ओढतात. कॅन नावेला बांधायचे, स्वतःच्या अंगाला किंवा जॅकेटला कधीच नाही.

१० किलोवर मोजायला जाऊ नका, ५०० मीटरला तीन ते पाच सेकंदांचाच फरक पडतो आणि तो झुळुकीत हरवतो. २० किलो घ्या. आधी २० मिनिटं साधं पॅडल मारून अंग मोकळं करा, मग पहिली फेरी रिकामी, जाऊन-येऊन. दुसरी २० किलो घालून, जाऊन-येऊन. तिसरी परत रिकामी. पहिली आणि तिसरी यांची सरासरी काढून दुसरीशी ताडायची, म्हणजे दमल्यामुळं वाढलेला वेळ वजनाच्या खात्यावर पडत नाही. प्रत्येक फेरीच्या मध्ये दहा मिनिटं थांबा. जोर सारखा ठेवायला हृदयाचे ठोके दाखवणारं घड्याळ असेल तर उत्तम, नसेल तर मिनिटाला ५० पॅडल असा ठेका मनात धरा आणि काठावरच्या माणसाला मोजायला लावा. सुरुवात पळत्या नावेवर करा, खुणेच्या थोडं मागून निघून, म्हणजे उभ्या नावेचा झटका हिशोबात येत नाही.

जातानाचा आणि येतानाचा वेळ एकत्र करा, स्पीडची सरासरी काढू नका. वाऱ्याबरोबर ७ नं गेलात आणि परत ५ नं आलात तर सरासरी ६ वाटते, पण वेळ जोडून बघा, ६१७ सेकंद, म्हणजे ५.८३. वाऱ्यानं दिलेल्यापेक्षा घेतलेलं जास्त असतं नेहमी.

मग दुसऱ्या दिवशी तेच २० किलो, पण सगळे शेपटाला नेऊन. हा आकडा बघण्यासारखा असतो, विशेषतः थोडा आडवा वारा असेल तेव्हा.

पैसे घालायचेच असतील तर

पॅडलवर घाला. ॲल्युमिनियमचा दांडा असलेलं साधं पॅडल किलोभराचं असतं, कार्बनचं सातशे ग्रॅमच्या आसपास. नावेत हे ३०० ग्रॅम कुणाला कळणार पण नाहीत, पण पॅडलचा भार पाणी घेत नाही, ते तुम्ही हातानं उचलता. मिनिटाला ५० म्हणजे तासाला ३००० वेळा, गुणिले ३०० ग्रॅम, ९०० किलो. नऊ क्विंटल दर तासाला, खांद्यावर. तिसऱ्या तासाला जो स्पीड पडतो तो बहुतेक खांद्यांमुळं पडतो.

आणि तळ साफ ठेवा. चिखल, शेवाळ, ओढून ओढून निघालेले प्लास्टिकचे कुसळ. घासण तिथंच होते. ते कुसळ घरी बारीक पॉलिश पेपरनं, पाणी लावून, लांबीच्या दिशेनं घासून काढा, आणि पुढच्या वेळेस नाव दगडावरून ओढत नेण्यापेक्षा शेपटाला चाकांची छोटी गाडी बांधा. चिखलात मात्र चाकं रुततात, तिथं दोघांनी उचलणं हाच उपाय, आणि कॅन आधी रिकामे करून.